टाकीखालची कात आणि रॅकवरच्या अळ्या

मानवत तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "रेशीम शेडच्या मागे पाण्याच्या टाकीखाली सापाची अख्खी कात सापडली. टेपने मोजली तर सहा फूट दोन इंच भरली. सासूबाई म्हणतात नाग आहे, कात देव्हाऱ्यात ठेवा. साप अजून तिथंच असेल का? कातीला विष असतं का? आमच्या अळ्याही चार वेळा कात टाकतात, ती सापासारखीच का? आणि मागच्या बॅचला चौथ्या कातीत निम्म्या अळ्या अडकून मेल्या. पाला तर ताजा होता. मग काय चुकलं?"

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महागाचा आहे. पण आधी टाकीखालचं बघू, कारण तिथं तुमचं रात्री-अपरात्री जाणं-येणं असणार.

कातीला विष नसतं. विष सापाच्या डोक्यातल्या ग्रंथींमध्ये तयार होतं आणि दातांवाटे बाहेर येतं. कात म्हणजे केराटिनचा पातळ पापुद्रा, आपली नखं आणि केस ज्याचे बनतात तेच द्रव्य. तुमच्या मुलाला ती खुशाल हातात घेऊ द्या, फक्त नंतर साबणाने हात धुवायला लावा, कारण सापांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. कात जाळून तिची धुरी देणं किंवा ती औषधात घालणं मात्र कुणी सांगितलं तरी करू नका. त्यात औषधी काही नाही.

आता साप कोणता? कात सापापेक्षा नेहमी लांब असते. खवल्यांच्या मधली घडी पडलेली मऊ कातडीही कातीबरोबर येते आणि निघताना ताणली जाते. म्हणून कातीची लांबी सापापेक्षा दहा-वीस टक्क्यांनी जास्त भरते, कधी त्याहूनही जास्त. तुमची कात सहा फूट दोन इंच, म्हणजे साप पाच-साडेपाच फुटांचा. आपल्याकडचे नाग बहुधा साडेतीन ते पाच फुटांचे सापडतात. धामण सहा-सात फूट सहज होते. त्यामुळे माझा कौल धामणीकडे आहे, पण नुसत्या लांबीवर विसंबू नका. कातीचं डोकं शाबूत असेल तर ती थोडा वेळ कोमट पाण्यात भिजवा, पांढऱ्या कागदावर पसरा आणि मुलाच्या भिंगातून तीन गोष्टी बघा.

नाकपुडीचा खवला आणि डोळ्याला लागून असलेला पुढचा खवला यांच्या मध्ये आणखी बारीक खवले असतील तर ती धामण. नागात तिथं मधला खवला नसतोच, ते दोन खवले थेट एकमेकांना भिडतात. मग पोटाच्या बाजूला शेपटी जिथं सुरू होते, तिथला शेवटचा खवला बघा. धामणीत तो दोन भागांत चिरलेला असतो, नागात अखंड. तिसरी खूण मोजायची आहे. अंगाच्या मध्यावर एका पोटकडेपासून दुसऱ्या पोटकडेपर्यंत तिरक्या रेषेत खवले मोजा. धामणीत सोळा-सतरा भरतात, नागात वीसच्या पुढे जातात. मण्यारची कात हाती आली तर पाठीच्या मधोमध षटकोनी, बाकीच्यांपेक्षा मोठ्या खवल्यांची ओळ दिसते. घोणस आणि फुरसं यांच्या डोक्यावर मोठे खवले नसतात, सगळे बारीक असतात आणि अंगावरच्या प्रत्येक खवल्यावर उभी धार असते. कातीचा रंग मात्र फसवतो. रंगाच्या पेशी खालच्या कातडीत राहतात, त्यामुळे कुणाचीही कात फिकट आणि भुरकट दिसते.

साप तिथंच आहे का, याचं निम्मं उत्तर कातीच्या पडण्यातच होतं, पण तुम्ही ती उचलली. पुढच्या वेळी उचलण्याआधी बघा. कात मोज्यासारखी उलटी होत निघते. ओठाची कड कुठं तरी अडकते आणि साप त्यातून पुढे सरकत बाहेर पडतो. म्हणून कातीचं तोंड मागे राहतं आणि शेपटीचं टोक ज्या बाजूला असतं, त्या बाजूला साप गेलेला असतो. टोक शेडच्या भिंतीकडे होतं की धुऱ्याकडे, हे आठवून बघा.

साप टाकीखालीच का आला, हे मात्र नक्की सांगता येतं. कात सुटायला ओलावा लागतो. उन्हाळ्यात मराठवाड्यातली हवा इतकी कोरडी होते की साप कातीच्या दिवसांत ओल शोधत फिरतात. रांजणाखाली, न्हाणीच्या मोरीत, कूलरच्या मागे, ठिबकच्या फिल्टरपाशी कात का सापडते, असं लोक विचारतात. तुमच्या पाझरणाऱ्या टाकीसारखी जागा त्याला दुसरी मिळणार नाही. शिवाय शेडमध्ये उंदीर येत असतीलच, ते अळ्या आणि कोष दोन्ही फस्त करतात, आणि धामण उंदरांवर जगते. धामण निघाली तर तिला राहू द्या. नाग किंवा मण्यार निघाली तर टाकीचा पाझर बंद करा, आजूबाजूची तुराट्या-पऱ्हाट्यांची रास हलवा, शेडमध्ये खाली कुणी झोपू नका आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. स्वतः काठी उचलू नका. चावा झालाच तर १०८ आणि सरळ सरकारी दवाखाना, दुसरं काही नाही.

कात टाकण्याची क्रिया साधारण आठवडा-दोन आठवडे चालते. जुन्या कातडीखाली आधी नवी कातडी पूर्ण तयार होते, खवल्याखाली खवला, अगदी तशाच मापाचा. मग दोघींच्या मध्ये पातळ द्रव उतरतो आणि जुना थर सुटा होतो. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवलाच असतो. त्याच्याखालीही हा द्रव येतो, म्हणून डोळा दुधाळ निळा दिसतो आणि सापाला त्या दिवसांत नीट दिसत नाही. तो खात नाही, लपून राहतो, जवळ गेलं तर चटकन फुत्कारतो. लोक म्हणतात "साप आंधळा झालाय", ते याच दिवसांत. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर तीन-चार दिवसांनी साप दगडावर, खोडावर ओठ घासून कात उतरवतो. तुमच्या कातीवर डोळ्यांच्या जागी दोन गोल काचा दिसतील, ते डोळ्यावरचे खवले.

यात माझी एक चूक सांगतो, कारण ती मला अजून टोचते. मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि जवळजवळ तितकीच वर्षं परभणी-हिंगोलीकडच्या विहिरी, आखाडे आणि कडब्याच्या गंजींतून साप काढून सोडले. सुरुवातीच्या एका मे महिन्यात गंगाखेडकडच्या कोरड्या विहिरीतून एक नाग काढला. त्याची अर्धी कात अंगाला चिकटून वाळली होती. मला वाटलं, बिचाऱ्याला मोकळं करू. मी चिमट्याने ती ओढली आणि तिच्याबरोबर खालची कोवळी कातडी फाटली. जखम चिघळली, नाग वाचला नाही. ओल्या गोणपाटाच्या थैलीत त्याला काही तास ठेवलं असतं तर कात आपोआप सुटली असती. अर्धवट सुटलेली कात कुठल्याही प्राण्याची ओढायची नाही, हे मी तेव्हापासून प्रत्येक सर्पमित्राला आधी शिकवतो.

लहान साप पटपट वाढतो म्हणून वारंवार कात टाकतो, पिल्लू तर अंड्यातून निघाल्यावर आठ-दहा दिवसांतच पहिली कात टाकतं. मोठा साप वर्षाला दोन-चार वेळा टाकतो, आणि जखम झाली किंवा गोचिडी लागल्या तर मध्येच एखादी जास्त. पाल आणि बेडूकही कातडी टाकतात, पण तुम्हाला ती कधी दिसत नाही, कारण दोघंही ती खाऊन टाकतात. सरड्याची तुकड्या-तुकड्यांनी निघते. माणसाची तर रोजच निघते, साधारण महिनाभरात आपल्या कातडीचा वरचा थर पूर्ण बदलतो, फक्त तो इतका बारीक झडतो की शेडमधल्या धुळीत मिसळून जातो. पिसांचंही असंच. पाटोद्याजवळच्या नायगाव मयूर अभयारण्याच्या भागात पावसाळा सरताना मोरांचे पिसारे गळतात आणि गुराखी पोरं रानातून पिसं गोळा करतात. दिवस लहान व्हायला लागले की परसातली गावरान कोंबडी अंडी बंद करून पिसं झाडते, तेही तेच. तिचा सगळा चारा तेव्हा नव्या पिसांत जातो, म्हणून तिला आजारी समजून बाजारात नेऊ नका.

आता त्या टाकीपासून पाच पावलांवर तुमच्या रॅकवर जे चालतं ते. सापाच्या आत हाडं आहेत, कातडी फक्त वरची. अळीच्या आत हाड नाही. तिचा सांगाडाच बाहेर आहे, कायटिन नावाच्या द्रव्याचा. स्नायू त्याच सांगाड्याला आतून जोडलेले असतात. हा सांगाडा ठरावीक मर्यादेपर्यंतच ताणला जातो, आणि डोक्याचं कवच तर अजिबात वाढत नाही. १८९० साली अमेरिकेचे हॅरिसन डायर यांनी वेगवेगळ्या अळ्यांची डोकी मोजून दाखवलं की डोकं फक्त कात टाकतानाच वाढतं, आणि दर वेळी जवळजवळ ठरावीक पटीनेच. आजही कृषी विद्यापीठातले लोक डोक्याची रुंदी मोजून अळी कितव्या अवस्थेत आहे ते सांगतात. रेशीम अळी अंड्यातून निघते तेव्हा तिचं वजन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि कोष करण्याआधी ते जवळजवळ दहा हजार पट होतं. चार काती टाकल्याशिवाय हे होणं शक्य नाही.

अळ्या मोल्टवर बसल्या असं आपण म्हणतो, तेव्हा आत काय चालतं ते माहीत असलं की शेडमधली निम्मी कामं आपोआप कळतात. अळी खाणं थांबवते, रेशमाच्या बारीक धाग्यांनी पाय आणि कातडी पाल्याला किंवा फांदीला बांधून घेते, डोकं वर करून स्थिर होते. आत कातडीच्या पेशी जुन्या कवचापासून सुटतात आणि मधल्या फटीत एक पाचक द्रव सोडतात. हा द्रव जुन्या कवचाचा आतला थर विरघळवतो, आणि अळी ते द्रव्य शोषून नव्या कवचासाठी परत वापरते. त्याच वेळी खाली नवं कवच विणलं जातं, घड्या-घड्यांचं, म्हणजे पुढं ताणायला जागा राहावी. नवं डोकं मोठं असतं, ते जुन्या डोक्याच्या मागे मानेत तयार होतं, म्हणून मोल्टवरच्या अळीची मान फुगीर त्रिकोणी दिसते. शेवटी जुना डोक्याचा टोप गळतो, कातडी पुढून फाटते आणि बांधलेली कात मागे सोडून अळी बाहेर सरकते. विशेष म्हणजे तिच्या श्वासाच्या नळ्यांचं आणि अन्ननलिकेच्या पुढच्या-मागच्या भागाचं अस्तरही याच कातीबरोबर बाहेर येतं. सापाचं असं काही होत नाही. अळी आतूनही कात टाकते.

या सगळ्याचा हुकूम देणारं संप्रेरक म्हणजे एक्डायसोन. ते पहिल्यांदा शुद्ध रूपात मिळालं ते रेशीम किड्यातूनच. १९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी ५०० किलो कोशितांतून ते वेगळं केलं, आणि हाती आले फक्त २५ मिलिग्रॅम स्फटिक. दुसरं संप्रेरक, ज्युव्हेनाइल हॉर्मोन, अंगात भरपूर असेल तर कात टाकून अळीची अळीच राहते. पाचव्या अवस्थेत ते जवळजवळ संपतं, तेव्हाच अळी कोष करते. ही दोन नावं लक्षात ठेवा, तुमच्या मेलेल्या बॅचशी त्यांचा संबंध येऊ शकतो.

खेकडा, विंचू, चतुर, नाकतोडा, सगळ्यांच्या कातीमागे हेच तंत्र आहे. काळ्या रानात ओढ्याकाठी खेकडा पाणी पिऊन फुगतो, पाठीमागून फाटतो आणि उलटा सरकत बाहेर येतो. मग कवच कडक होईपर्यंत बिळात दडून राहतो, कारण तेव्हा त्याला बगळाही खातो आणि दुसरा खेकडाही. विंचवाची पिल्लं आईच्या पाठीवर बसून पहिली कात टाकतात, त्यानंतरच उतरतात. जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर पाण्यापासून वीतभर उंचीवर चतुराच्या पाठ फाटलेल्या रिकाम्या काती चिकटलेल्या दिसतील. मुलाला एकदा दाखवा.

आता मागची बॅच. तुम्ही लिहिता की निम्म्या अळ्या कातीत अडकल्या, काहींची कात मध्यावर गुंडाळून राहिली, काहींची कातडी फाटून काळा द्रव आला. याची कारणं अनेक असतात आणि ती एकेक करून वगळावी लागतात.

मोल्टच्या वेळी बेड, म्हणजे रॅकवरचा पाल्याचा आणि अळ्यांचा थर, ओला आणि जाड होता का? अळ्या बसायला लागल्या की पाला कमी करायचा, बहुतेक बसल्या की पूर्ण बंद करायचा, बेड पातळ पसरायचा, चुन्याची भुकटी धुरळायची आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. तिसरी कात साधारण एक दिवस घेते, चौथी सव्वा ते दीड दिवस. या काळात रॅक हलवू नका, फांद्या उचलू नका. अळीने बांधलेले धागे तुटले की कातीला पकड राहत नाही आणि ती अंगाला गुंडाळते. घाईही नडते. पाच-दहा टक्के अळ्या उठल्या म्हणून पाला टाकला तर बसलेल्या अळ्या पाल्याखाली दबतात आणि पुढं सगळी बॅच मागं-पुढं होते. शंभरातल्या नव्वद-पंच्याण्णव उठल्या, नवी डोकी पांढुरकी न राहता तपकिरी झाली, की बेड निर्जंतुक करणारी विजेता भुकटी टाका, अर्धा तास थांबा आणि मग पाला द्या. ग्रासरी रोग असता तर अळ्या मोल्टला बसल्याच नसत्या, अंग फुगून रॅकच्या कडेकडेने भटकल्या असत्या, आणि पाय तुटला की दुधासारखा द्रव आला असता. तुम्ही काळा द्रव लिहिता, म्हणून रोगाकडे माझं बोट जात नाही.

माझं बोट जातं ते शेजारच्या रानाकडे. तुमच्या तुतीच्या पश्चिमेला सोयाबीन आहे असं तुम्ही लिहिलं आहे. सोयाबीन, तूर आणि कापसावर अळीसाठी जी औषधं फवारतात, त्यातली काही अळीला लगेच मारत नाहीत. ती कायटिन बनणं बंद पाडतात. अळी खात राहते, फिरत राहते, आणि पुढच्या कातीला नवं कवच बनतच नाही किंवा कच्चं बनतं. मग ती जुन्या कातीत अडकते किंवा बाहेर पडताना फाटते. शेतकरी म्हणतो "औषधाचा गुण नाही आला", आणि तीन दिवसांनी अळ्या मेलेल्या दिसतात. हीच फवारणी वाऱ्याने तुतीवर आली तर रेशीम अळीचं तेच होतं. तुमच्या अळ्यांचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

यात एक गोष्ट फार फसवी आहे आणि तिच्यामुळे मी अनेक चांगल्या रेशीम शेतकऱ्यांच्या बॅच गेलेल्या पाहिल्या. पाल्याची शंका आली की आपण वीस-पंचवीस अळ्यांना तो पाला घालून बघतो, संध्याकाळपर्यंत ठीक दिसल्या की सगळ्यांना घालतो. इतर कीटकनाशकांसाठी ही परीक्षा बरोबर आहे. या औषधांसाठी ती खोटी ठरते, कारण अळी कातीपर्यंत ठणठणीत दिसते. परीक्षा घ्यायचीच तर त्या अळ्या वेगळ्या ठेवून त्यांची एक कात पार पडू द्यावी लागते.

शेजाऱ्याकडे भांडायला जाऊ नका, रिकामी बाटली बघायला जा. बाटलीवर नोव्हाल्यूरॉन, ल्युफेन्यूरॉन किंवा डायफ्लुबेन्झ्यूरॉन असं घटकाचं नाव असेल तर कारण सापडलं असं समजा. कधी ते दुसऱ्या औषधाबरोबर मिसळून येतं, म्हणून बारीक अक्षरंही वाचा. कापसावर पांढरी माशी मारायला वापरतात त्या पायरीप्रॉक्सिफेनचा त्रास वेगळा दिसतो. ते ज्युव्हेनाइल हॉर्मोनची नक्कल करतं, त्यामुळे अळ्या पाचव्या अवस्थेत नुसत्या खात राहतात, मोठ्या होत राहतात आणि कोषच करत नाहीत. तुमच्याकडे तसं झालं नाही.

शेजाऱ्याला फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करायला सांगा आणि वारा तुतीकडे नसताना सकाळी फवारायची विनंती करा. आपल्याकडे माणसं समजून घेतात, कारण जालन्याच्या कोष बाजारात गाडी जाते तेव्हा काय पैसा येतो ते गावाला माहीत असतं. पश्चिमेच्या बांधाला शेवरीची दाट ओळ लावा. त्या कडेच्या चार-पाच ओळींचा पाला फवारणीच्या दिवसांत अळ्यांना देऊ नका, जनावरांनाही नको, छाटून टाका. तिसऱ्या कातीनंतरचा पाला तर मधल्या ओळींचाच द्या, कारण एकूण पाल्याच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला पाचव्या अवस्थेतच खाल्ला जातो. तिथवर पोचून अळी मेली की सगळा खर्च अंगावर येतो.

तुमच्या सध्याच्या अळ्या परवा तिसऱ्या कातीवर बसतील असं तुम्ही लिहिलं आहे. बसलेल्या अळ्यांमधली एक निवडा, तिच्या शेजारी फांदीला लाल दोरा बांधून ठेवा म्हणजे हरवणार नाही. दुसऱ्या दिवशी तिचं मान फुगलेलं डोकं जरा हलायला लागलं की मुलाला हाक मारा आणि भिंग घेऊन शांत बसा, तिला हात लावू नका. आधी चेहऱ्याचा टोप गळेल, मग कात मागे सरकायला लागेल. कडेला श्वासाच्या छिद्रांपाशी नीट पाहिलंत तर जुन्या श्वासनळ्यांचे बारीक धागे कातीबरोबर ओढले जाताना दिसतील. आणि कातीचं डोकं भिजवून पाहिलंत की नाकपुडी आणि डोळ्याच्या मध्ये काय दिसलं, ते मला कळवा.